रोग जडल्यावरची लस

समजा, तुमच्या थोरल्या भावाने कॉलेजातल्या रक्तदान शिबिरात पहिल्यांदाच रक्त दिले. बिस्किटे खाऊन, कॉफी पिऊन तो ऐटीत घरी आला. दहा-बारा दिवसांनी रक्तपेढीतून निरोप आला, 'एकदा समक्ष येऊन भेटा.' तेथे डॉक्टरांनी त्याला सांगितले की, त्याच्या रक्तात हिपॅटायटिस-बी या विषाणूचे एक प्रथिन सापडले आहे. भाऊ चक्रावला. त्याला कधी कावीळ झाल्याचे घरात कोणालाच आठवत नव्हते. भूक उत्तम, क्रिकेट रोजचे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तरी ते प्रथिन तेथेच. याचा अर्थ, विषाणूने त्याच्या यकृतात कायमचे बिऱ्हाड केले होते, आणि तेही बहुधा तो तान्हा असल्यापासून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात अशी २५ कोटी ४० लाख माणसे होती. त्यांपैकी जवळजवळ ३ कोटी एकट्या भारतात. त्या एका वर्षात या विषाणूमुळे सुमारे ११ लाख माणसे दगावली, बहुतेक यकृत निबर होऊन किंवा यकृताचा कर्करोग होऊन. अशा माणसाच्या हातचे खाल्ल्याने किंवा त्याच्याशेजारी बसल्याने हा रोग लागत नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे. कारण पुष्कळ घरांत त्याची ताटवाटी उगाच वेगळी केली जाते. विषाणू पसरतो तो रक्तातून, दूषित सुयांतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. प्रौढ माणसाला लागण झाली तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक जण विषाणूला स्वतःच हुसकावून लावतात. नवजात बाळाला लागण झाली तर शंभरांतील नव्वदांच्या शरीरात तो कायमचा राहतो. विषाणू एकच, यकृतही तसेच. मग फरक कोठे आहे? तो आहे शरीराच्या संरक्षक दलात. प्रौढाचे दल जे करते ते तुमच्या भावाच्या दलाकडून आज करवून घेता येईल काय? 'रोग जडल्यावरची लस' म्हणजे हाच प्रयत्न. ती लस आखण्यासाठी गेली तीसेक वर्षे संगणक कामाला लावलेला आहे. तो नेमके काय करतो आणि कोठे अडतो, हे आज पाहू.

तुम्ही म्हणाल, हिपॅटायटिस-बीची लस तर कधीचीच आहे! खरे आहे. बरूच ब्लुमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. ते त्याने १९६५ साली जाहीर केले. पुढे कळले की, ते या विषाणूच्या अंगरख्याचे, म्हणजे पृष्ठभागाचे प्रथिन आहे. या कामासाठी त्याला १९७६ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याच प्रथिनापासून केलेली लस अमेरिकेत १९८१ साली मंजूर झाली. आधी हे प्रथिन रुग्णांच्या रक्तातून वेगळे काढीत; १९८६ पासून ते यीस्टच्या पेशींकडून बनवून घेता येऊ लागले. आपल्याकडे आता ही लस सर्व बाळांना सरकारी कार्यक्रमात मिळते.

पण ही लस पहारा बसवते, आणि तोही दाराबाहेर. ती टोचली की रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. विषाणू रक्तात शिरताच ती त्याच्या अंगरख्याला चिकटतात व त्याला यकृताच्या पेशीत शिरू देत नाहीत. तुमच्या भावाच्या बाबतीत चोर घरात येऊन वीस वर्षे झाली आहेत. त्याच्या रक्तात तेच पृष्ठ-प्रथिन रात्रंदिवस फिरते आहे. शरीर त्याला सरावले आहे. त्यात आणखी चिमूटभर टोचून काय होणार? हा प्रयोग पूर्वी करून पाहिला गेला आहे, आणि त्याने फारसे साधले नाही.

आता चोराची ओळख करून घेऊ. हिपॅटायटिस-बीचा विषाणू हा फार काटकसरी प्राणी आहे. (प्राणी म्हणणे शास्त्रशुद्ध नव्हे, पण चालू द्या.) त्याचा सगळा जनुकीय मजकूर अवघ्या ३२०० अक्षरांचा. तुमच्या वहीची दोन-तीन पाने भरतील एवढाच! तुमच्या माझ्या पेशीतला मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असतो. एवढ्या थोड्या जागेत विषाणू चार जनुके बसवतो, आणि त्यासाठी तो एक युक्ती करतो: एकच ओळ दोन प्रकारे वाचतो. 'तोकडाचढला' ही अक्षरे घ्या. 'तो कडा चढला' असे वाचा, नाहीतर 'तोकडा चढला' असे वाचा. अक्षरे तीच, तोडण्याची जागा वेगळी, अर्थ वेगळा. पृष्ठ-प्रथिनाचे जनुक हे सबंधच्या सबंध दुसऱ्या एका जनुकाच्या अंगावर असे बसलेले आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

यकृताच्या पेशीत शिरल्यावर विषाणूचा मजकूर केंद्रकात जातो आणि तेथे एक बंद कडे होऊन बसतो. या कड्यावरून प्रती निघत राहतात. आज मिळणारी औषधे, टेनोफोविर किंवा एंटेकाविर, चांगली आहेत. नव्या प्रती तयार होणे ती थांबवतात आणि यकृत वाचवतात. पण कड्याला ती हात लावीत नाहीत. गोळी बंद केली की बहुतेकांच्या बाबतीत छपाई पुन्हा सुरू होते. म्हणून गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. हिपॅटायटिस-सीची गोष्ट वेगळी. तो विषाणू असे कडे करीत नाही, आणि आता बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. म्हणूनच जडलेल्या रोगावरच्या लशीची खरी निकड आज हिपॅटायटिस-बीला आहे.

हे कडे घालवणार कोण? ज्या पेशीत कडे आहे तिला शोधून मारणारा, किंवा न मारता तिच्यातल्या विषाणूला आवर घालणारा एक शिपाई शरीरात असतो. त्याचे नाव मारक टी-पेशी. बऱ्या होणाऱ्या प्रौढांच्या रक्तात या पेशी जोमदार असतात, आणि विषाणूच्या एकाच नव्हे तर अनेक प्रथिनांवर त्या नेम धरतात. दीर्घकाळच्या रुग्णात त्या थोड्या आणि निस्तेज असतात.

टी-पेशीला पेशीच्या आत डोकावता येत नाही. मग विषाणू आत आहे हे तिला कळते कसे? प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे सतत तुकडे करीत असते आणि ते तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. जणू दुकानदाराने आतल्या मालाचे नमुने फळीवर ठेवावेत. नमुना घरचा असेल तर टी-पेशी पुढे जाते, परका असेल तर हल्ला करते. ज्या फळीवर हे नमुने मांडले जातात तिला एचएलए रेणू म्हणतात. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियात उंदरांवर प्रयोग करून १९७४ साली दाखवले की, टी-पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. विषाणू आणि उंदराची स्वतःची फळी अशी जोडी ओळखते. त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ साली पामेला ब्योर्कमन, डॉन वायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने एका मानवी एचएलए रेणूचे रूप पाहिले. वरच्या बाजूला एक लांबट पन्हळ होती, आणि त्या पन्हळीत काहीतरी धूसर पडलेले दिसत होते. ते धूसर काहीतरी म्हणजेच प्रथिनांचे तुकडे!

आता गणित सुरू होते. तुम्हाला ठाऊक आहे की, प्रथिने ही अॅमिनो आम्लांच्या माळा असतात आणि ही आम्ले वीस प्रकारची असतात. पन्हळीत बहुधा नऊ मण्यांचा तुकडा बसतो. कधी आठ, दहा किंवा अकरांचा. नऊ मण्यांचे तुकडे किती प्रकारचे होऊ शकतील? वीसचा नववा घात, म्हणजे ५१,२०० कोटी. पण विषाणूकडे एवढे नाहीत. भारतात बऱ्याच आढळणाऱ्या 'डी' जातीच्या विषाणूची चार मुख्य प्रथिने घ्या. त्यांची लांबी ८३२, ३८९, १८३ आणि १५४ मणी आहे. क्ष मण्यांच्या माळेतून नऊ-नऊ मण्यांचे सलग तुकडे किती पडतील? पहिल्या मण्यापासून एक, दुसऱ्यापासून एक, असे करत गेल्यास (क्ष − ८). म्हणजे ८२४ + ३८१ + १७५ + १४६ = १५२६. दहा मण्यांचे तुकडे धरले तर आणखी तितकेच. प्रयोगशाळेत हे सगळे तुकडे बनवून प्रत्येक फळीवर बसतो का हे पाहणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे. शिवाय फळ्या काही एकाच घाटाच्या नाहीत. माणसामाणसांत त्यांचे हजारो प्रकार आहेत. चाळणी लावल्यावाचून गत्यंतर नाही.

या चाळणीची किल्ली १९९१ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे मिळाली. हान्स-गेओर्ग रामेन्से यांच्या गटाने पेशींच्या फळ्यांवरचे तुकडे आम्लाने सोडवून घेतले आणि त्यांचा मणी-क्रम वाचला. असे दिसले की, एका प्रकारच्या फळीवरच्या तुकड्यांत दोन जागी ठरावीक मणी पुन्हा पुन्हा येतात. कारण पन्हळीच्या तळाशी दोन खळगे असतात. तुकड्याचे दोन मणी त्यांत रुतून बसले तरच तुकडा टिकतो. बाकीचे मणी वर उघडे राहतात आणि टी-पेशी त्यांना चाचपते. ए-२ नावाच्या फळीसाठी नियम असा: दुसरा मणी ल्युसिन किंवा मेथिओनिन, आणि शेवटचा मणी व्हॅलिन किंवा ल्युसिन.

हा नियम तुम्ही स्वतःच वापरून पाहा. विषाणूच्या गाभ्याच्या प्रथिनातले ११ ते ३० क्रमांकांचे वीस मणी येथे देत आहे. सोयीसाठी नावांची आद्याक्षरे वापरली आहेत (ल्यु म्हणजे ल्युसिन, व्हॅ म्हणजे व्हॅलिन, फे म्हणजे फेनिलअॅलानिन, प्रो म्हणजे प्रोलिन, से म्हणजे सेरिन, बाकीच्यांची नावे सध्या नसली तरी चालेल):

अ – थ्रि – व्हॅ – ग्लू – ल्यु – ल्यु – से – फे – ल्यु – प्रो – से – अॅस्प – फे – फे – प्रो – से – व्हॅ – आर्जि – अॅस्प – ल्यु

जाड कागदाला दहा मणी दिसतील एवढी खिडकी पाडा आणि ती एकेक मणी पुढे सरकवा. खिडकी अकरा ठिकाणी बसेल. प्रत्येक वेळी फक्त दोन गोष्टी पाहा: दुसरा मणी कोणता, शेवटचा कोणता. अकरांपैकी तीनच वेळा दुसऱ्या जागी ल्युसिन येतो. त्या तिन्हींपैकी दोघांच्या शेवटी फेनिलअॅलानिन आहे, ते बाद. उरला एक: फे-ल्यु-प्रो-से-अॅस्प-फे-फे-प्रो-से-व्हॅ. मित्रहो, तुम्ही आता कात्री आणि पुठ्ठा घेऊन जो तुकडा निवडलात, तो या विषाणूविषयीच्या संशोधनात सर्वांत जास्त अभ्यासला गेलेल्या तुकड्यांपैकी एक आहे. त्याला 'गाभा १८–२७' म्हणतात. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या टी-पेशी नेमक्या याच तुकड्यावर तुटून पडतात.

संगणकही हेच करतो, फक्त जास्त बारकाईने. 'हो' किंवा 'नाही' असे न म्हणता तो गुण देतो. नऊ जागा आणि वीस प्रकारचे मणी, म्हणजे १८० चौकोनांचा एक तक्ता. फळीवर नक्की बसतात असे ठाऊक असलेले शेकडो तुकडे घेऊन, कोणत्या जागी कोणता मणी अपेक्षेपेक्षा अधिक वेळा येतो हे मोजायचे आणि त्यावरून प्रत्येक चौकोनात आकडा भरायचा. नवा तुकडा आला की त्याच्या नऊ मण्यांचे नऊ आकडे काढून बेरीज करायची. बेरीज जितकी मोठी तितका तुकडा घट्ट बसण्याचा संभव अधिक. हे काम तुम्ही वहीतही करू शकाल. १५२६ तुकड्यांसाठी मात्र सुट्टी पुरायची नाही. पुढे पुढे तक्त्याची जागा 'मज्जाजाळे' पद्धतीच्या कार्यक्रमांनी घेतली. एका जागचा मणी दुसऱ्या जागच्या मण्यावर कसा परिणाम करतो, हेही ते उदाहरणांवरून शिकतात. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातला असा कार्यक्रम जगभर वापरला जातो.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण गोष्ट आपल्या पुण्याची आहे. टी-पेशीसाठी नव्हे, पण प्रतिपिंडे प्रथिनाच्या कोणत्या भागाला चिकटतील हे मणी-क्रमावरून वर्तवण्याची एक पद्धत पुणे विद्यापीठातील अशोक कोळसकर आणि प्रसाद तोंगावकर यांनी १९९० साली प्रसिद्ध केली. प्रयोगांनी सिद्ध झालेल्या जागांत कोणती अॅमिनो आम्ले किती वेळा येतात ते त्यांनी मोजले व त्यावरून आकडे बसवले. अंदाज सुमारे शंभरांत पंचाहत्तर वेळा बरोबर येतो, असे त्यांनी लिहिले होते. लशी आखणारे परदेशी संशोधक आजही ही पद्धत तिच्या मराठी आडनावांनिशी वापरतात.

असो. तुकडा सापडला, मग लस करायला काय हरकत आहे? नेमके तेच झाले. १९९० च्या दशकात अमेरिकेत 'गाभा १८–२७' हा तुकडा घेतला, त्याला धनुर्वाताच्या लशीतला एक तुकडा जोडला (हा दुसऱ्या प्रकारच्या, मदतनीस टी-पेशींना जागे करतो) आणि शेवटाला तेलकट आम्लाचे दोन रेणू लावले. निरोगी स्वयंसेवकांना ही लस टोचली, तेव्हा त्यांच्या मारक टी-पेशी छान जाग्या झाल्या. याचा वृत्तांत १९९५ साली आला. सर्वांना मोठी आशा वाटू लागली. १९९९ साली रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. टी-पेशी जाग्या झाल्या, पण जेमतेम. आणि विषाणू मात्र जागचा हलला नाही.

मला वाटते, या विषयातला सर्वांत शिकण्याजोगा प्रयोग हाच. गणित चुकले नव्हते. तुकडा फळीवर बसत होता. मग उणे काय पडले?

पहिले उणे शिपायाचे. दीर्घकाळच्या रुग्णाच्या रक्तात खऱ्या विषाणूच्या एका कणामागे हजारो, कधी लाखभर, नुसते रिकामे अंगरखे फिरत असतात. टी-पेशीच्या कानाशी अहोरात्र घंटा वाजते आहे. 'लांडगा आला रे'ची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पण येथे लांडगा खरोखर आलेला आहे आणि हाकही थांबत नाही. अशा वेळी टी-पेशी स्वतःवर ब्रेक लावून घेते. तिच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक रेणू उगवतो आणि तो तिला आवरून धरतो. याला शास्त्रज्ञ टी-पेशीचा शीण म्हणतात. काही पेशी तर मरूनच जातात. निरोगी स्वयंसेवकांत हा शीण नव्हता, म्हणून तेथे लस चालली. आणि संगणकाला आपण विचारले काय होते? 'तुकडा फळीवर बसेल का?' एवढेच. 'शिपाई दमलेला आहे का?' हा प्रश्न त्या १८० चौकोनांत कोठेच नव्हता. विचारले नाही त्याचे उत्तर संगणक देत नाही.

दुसरे उणे म्हणजे एकच तुकडा. 'गाभा १८–२७' मधला शेवटचा व्हॅलिन आठवा. पूर्व आशियात आढळणाऱ्या 'बी' आणि 'सी' जातींच्या विषाणूंत त्या जागी सहसा आयसोल्युसिन असतो. एक मणी बदलला, तोही खळग्यात रुतणारा! शिवाय ए-२ ची फळी सर्वांकडे नसते. युरोपात ती पुष्कळांकडे असते. भारतात तिचे वेगळे उपप्रकार आढळतात आणि ए-११, ए-२४, ए-३३ अशा दुसऱ्या फळ्याही बऱ्याच दिसतात. म्हणजे युरोपीय माणसाच्या मापाने शिवलेली लस सोलापूरच्या रुग्णाला बसेलच असे नाही.

या दुसऱ्या उण्यावर संगणक खरोखर कामाचा आहे. प्रथम जगभरच्या हजारो विषाणूंचे मणी-क्रम एकाखाली एक लिहायचे आणि कोणत्या उभ्या रांगा कधीच बदलत नाहीत ते पाहायचे. मघाची 'तोकडाचढला'ची युक्ती येथे आपल्या बाजूने काम करते. जेथे एकच ओळ दोन प्रकारे वाचली जाते, तेथे अक्षर बदलले तर दोन्ही अर्थ बिघडण्याचा धोका असतो. म्हणून विषाणूला तेथे मोकळेपणाने बदलता येत नाही. अशा न बदलणाऱ्या जागांतले तुकडे निवडले तर तो सहजी निसटू शकत नाही. निवडलेला तुकडा माणसाच्या स्वतःच्या प्रथिनांसारखा नाही ना, हेही पडताळून पाहतात. नाहीतर लस घरच्यांवरच उलटायची.

मग फळ्यांचा हिशेब. समजा, एका समाजात पहिली फळी शंभरांतील ४० जणांकडे, दुसरी ३० जणांकडे आणि तिसरी २० जणांकडे आहे, आणि हे प्रमाण एकमेकांवर अवलंबून नाही. तिन्हींसाठी एकेक तुकडा घातला तर किती जणांना निदान एक तरी लागू पडेल? बेरीज करून ९० म्हणू नका! तिन्हींपैकी एकही नसलेले किती ते काढा: ०·६ × ०·७ × ०·८ = ०·३३६. म्हणजे सुमारे ३४ जण वंचित राहतात आणि ६६ जणांना लस लागू पडते. ही संख्या ९५ च्या वर न्यायची असेल तर कोणते तुकडे घ्यावेत, हे संगणक लाखो जुळण्या पाहून ठरवतो.

आणि तुकडे एका माळेत गुंफायचे असतील तर सांध्यांची भानगड उभी राहते. नऊ मण्यांचे दोन तुकडे जोडले की अठरा मण्यांची माळ होते. तिच्यात नऊ-नऊचे दहा तुकडे पडतात. दोन आपले, आठ सांध्यावरचे, जे विषाणूत नाहीतच. असे दहा तुकडे जोडले तर नऊ सांधे, म्हणजे ७२ भलतेच तुकडे. त्यांतला एखादा फळीवर घट्ट बसला तर शिपाई खोट्या शत्रूमागे धावेल. तुकड्यांचा क्रम बदलून पाहता येतो, पण दहा तुकड्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात. संगणकाला हे काम चहा उकळण्याच्या वेळात होते.

एवढे सगळे सांभाळून आखलेल्या लशी पुढे आल्या. एकीत विषाणूच्या सहसा न बदलणाऱ्या भागांतले नऊ लांब तुकडे होते, प्रत्येकी ३२ ते ४० मण्यांचे, म्हणजे एकेका तुकड्यात अनेक फळ्यांना बसणारे लहान तुकडे आपोआप आले. आखणी सुरेख होती. तरीही रुग्णांवरील दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पुरेसा गुण दिसला नाही, आणि २०२४ साली तिच्या निर्मात्यांनी ते काम थांबवले. पहिले उणे, शिपायाचा शीण, शिल्लकच होते.

या ठिकाणी थोडे स्पष्ट बोलतो. आजकाल शास्त्रीय नियतकालिकांत शेकडो 'संगणकाने आखलेल्या लशी' प्रसिद्ध होतात. तुकडे निवडले, माळ केली, तिचे रंगीत चित्र काढले, संगणकातच ती रेणूला चिकटवून दाखवली आणि लेख संपला. त्यांतल्या फारच थोड्यांची कोणी परीक्षानळी भरली असेल. २०२१ पासून प्रथिनांचे आकार वर्तवणारे फार प्रभावी कार्यक्रम हाती आले आहेत, आणि त्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले आहे. त्यामुळे चित्रे अधिक देखणी होतील. पण जोवर कोणी तो तुकडा बनवून रुग्णाच्या टी-पेशींपुढे ठेवीत नाही, तोवर त्याला लस म्हणू नये. शिक्षकांनी वर्गात हा भेद अवश्य सांगावा. या विषाणूची अडचण अशी की, तो साध्या उंदरांत वाढतही नाही; म्हणून संगणक ते रुग्ण यांमधला पूल फार अरुंद आहे, आणि संगणकावर भिस्त ठेवण्याचा मोह अधिक.

सध्याचा विचार असा आहे: आधी घंटा बंद करा, मग शिपायाला हाक मारा. २०२२ साली बेपिरोविर्सेन नावाच्या औषधाच्या चाचणीचा वृत्तांत आला. हे औषध म्हणजे जनुकीय अक्षरांची एक आखूड माळ. ती विषाणूच्या निरोपांना जाऊन चिकटते आणि मग ते निरोप पेशीतच कापले जातात. साहजिकच रिकाम्या अंगरख्यांची पैदास घटते. चोवीस आठवडे ते घेतलेल्या शंभर रुग्णांतील सुमारे नऊ-दहा जणांच्या रक्तातून पृष्ठ-प्रथिन आणि विषाणू दोन्ही दिसेनासे झाले आणि औषध थांबवल्यावरही चोवीस आठवडे तसेच राहिले. नऊ-दहा म्हणजे थोडे वाटतील. पण नेहमीच्या गोळ्यांनी हे वर्षाला शंभरांत एखाद्याच्याच वाट्याला येते. इकडे ऑक्सफर्ड येथे विषाणूची अनेक प्रथिने दोन निरुपद्रवी विषाणूंच्या पाठीवर बसवून एकापाठोपाठ टोचण्याची लस तयार झाली. तिच्याबरोबर पीडी-१ चा ब्रेक सैल करणारे औषध थोडेसे देऊन पाहिले. ज्या रुग्णांत पृष्ठ-प्रथिन मुळातच कमी होते, त्यांच्यात ते अधिक उतरले. घंटेचा आवाज जेथे मंद होता तेथे हाक ऐकू गेली, असे म्हणा ना.

म्हणजे संगणकाला आता नवा प्रश्न विचारायचा आहे: रुग्णाच्या रक्तातले प्रथिन किती खाली आल्यावर, कोणता तुकडा, किती दिवसांच्या अंतराने द्यावा? त्यासाठी १८० चौकोनांचा तक्ता पुरणार नाही. रुग्णांच्या रक्ताची आठवड्या-आठवड्याची मोजमापे लागतील, आणि ती भारतीय रुग्णांचीही लागतील. कारण आपल्या फळ्या वेगळ्या आहेत आणि विषाणूची जातही पुष्कळदा वेगळी.

तोवर तुमच्या भावाने काय करावे? ठरावीक काळाने यकृताची तपासणी करून घ्यावी, डॉक्टरांनी सांगितली तर गोळी नियमाने घ्यावी, दारूपासून दूर राहावे. घरातल्या सर्वांनी रक्त तपासून घ्यावे आणि ज्यांना लागण नाही त्यांनी साधी, १९८० च्या दशकापासून चालत आलेली लस टोचून घ्यावी. आणि उद्या त्या घरात बाळ जन्मले, तर त्याला लशीची पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत मिळाली पाहिजे.